वीस एकरांचे गाव

गावे सहसा वसत जातात. नदीचा उतार, बाजाराची वाट, एखादी खाण असे काहीतरी आधी असते आणि माणसे हळूहळू त्याच्या आधाराने गोळा होतात. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातले न्यू ग्लॅरस असे वसलेले नाही. ते आधी एका सभेत ठरले, मग त्यासाठी पैसे जमले, मग नियम लिहिले गेले, मग माणसे निघाली आणि जागा सर्वांत शेवटी सापडली. माणसे जहाजातून उतरून अमेरिकेच्या किनाऱ्यावर उभी राहिली, तेव्हासुद्धा आपले गाव नेमके कुठे होणार आहे हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

मी मॅडिसनला राहतो आणि न्यू ग्लॅरस तिथून नैऋत्येला, गाडीने तासाभराच्या आतच आहे. भारतातून आईवडील किंवा सासूसासरे आले की इथली मराठी मंडळी त्यांना एकदा तरी तिकडे घेऊन जातात; लाकडी सज्जे, सज्ज्यांतून लोंबणारी लाल फुले, चीजची दुकाने आणि ‘अमेरिकेतले छोटे स्वित्झर्लंड’ अशी पाटी, म्हणजे फोटोंची सोय झाली. मीही पाहुण्यांना अशीच तिथली सहल घडवत आलो आहे. पण गावाच्या जन्माचे कागद वाचू लागल्यावर सज्ज्यांमधला माझा रस कमी झाला आणि एका प्रश्नाने मनात घर केले. ज्या लोकांनी हे गाव वसवले, त्यांना त्यांच्या मुलखाने पाठवले होते की घालवले होते?

त्यांचा मुलूख म्हणजे स्वित्झर्लंडच्या पूर्वेकडचा ग्लारुस हा लहानसा प्रांत. लिंथ नदीचे अरुंद खोरे, दोन्ही बाजूंना उभे कडे आणि तळाशी थोडी सपाट जमीन, एवढाच त्याचा विस्तार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे सुमारे तीस हजार माणसे राहत होती आणि तेवढ्यांना पोसण्याची ताकद त्या जमिनीत कधीच नव्हती. त्यामुळे ग्लारुसचे लोक फार पूर्वीपासून जमिनीबाहेर पोट शोधत आले होते. तरुण मुले परक्या राजांच्या फौजांमध्ये भाडोत्री सैनिक म्हणून जात. घरी राहिलेली माणसे, बायका आणि मुले व्यापाऱ्यांसाठी सूत कातत. १७४० मध्ये योहान हाइनरिख श्ट्राइफ याने तिथे कापडछपाई सुरू केली आणि पुढच्या शंभर वर्षांत या डोंगरी खोऱ्यात मोठे छपाई कारखाने उभे राहिले.

ही छपाई मुळात आपल्याकडच्या छिटांची नक्कल होती. भारतातून गेलेल्या रंगीत, धुतल्यावर न विटणाऱ्या सुती कापडाने युरोपला जे वेड लावले, त्या वेडावर पोट भरणारी जी अनेक ठिकाणे तयार झाली त्यांतले ग्लारुस हे एक. ग्लारुसचे लाल छापील रुमाल आजही प्रसिद्ध आहेत आणि त्यांच्यावरची ठळक नक्षी मराठी डोळ्यांना परकी वाटत नाही, कारण ती कोयरी आहे. काश्मिरी शालींवरून युरोपात गेलेली ही कोयरी आल्प्सच्या पायथ्याशी लाकडी ठशांवर कोरली गेली आणि तिथून छापून पुन्हा पूर्वेकडच्या बाजारांत विकायला निघाली.

मात्र हातकताईचा टिकाव लागला नाही. इंग्लंडच्या गिरण्यांचे स्वस्त यंत्रसूत बाजारात आले आणि ग्लारुसच्या घराघरांतले चरखे थांबले. काही वर्षांनी त्याच सुताने आपल्याकडच्या सूत कातणाऱ्या बायकांचीही मजुरी हिरावून घेतली. त्यानंतर ग्लारुसची माणसे हातमागाकडे वळली, तर तिथेही यंत्रमाग मागोमाग आलाच. १७९९ मध्ये फ्रेंच, ऑस्ट्रियन आणि रशियन फौजांनी याच खोऱ्यात लढाया करून ते ओरबाडून काढले होते, १८१६-१७ मध्ये दुष्काळ पडला होता. १८४० च्या दशकापर्यंत परिस्थिती अशी झाली की कारखान्याला काम असले तर चूल पेटे आणि नसले तर गावाच्या तोंडाकडे पाहावे लागे.

इथे ‘गावाच्या तोंडाकडे’ हे मी शब्दशः म्हणतो आहे. स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक माणूस एका मूळ गावाचा नागरिक असे, आणि तो निर्धन झाला तर त्याला पोसण्याची जबाबदारी कायद्याने त्या गावावर असे. गावाच्या मालकीची राने आणि कुरणे असत, त्यांच्या उत्पन्नात प्रत्येक नागरिकाचा वाटा असे. ही व्यवस्था वाचताना प्रथम तिचा मोठेपणा डोळ्यांत भरतो. मग हिशेब दिसू लागतो. एका गरीब कुटुंबाला जन्मभर पोसायचे, की एकदाच प्रवासखर्च देऊन समुद्रापार पाठवायचे? तोटी फिरवून बंद करावी तसा हा खर्च बंद करण्याचा मोह ग्लारुसच्या गावांना झाला आणि त्यांनी तो उघडपणे, सभा भरवून, मतदान घेऊन, कागदावर उतरवून अमलात आणला. ग्लारुसमध्ये कारभारच असा चाले. मे महिन्यात सगळे नागरिक उघड्या मैदानावर जमत आणि हात वर करून कायदे ठरवत. ती सभा आजही भरते.

अशा रीतीने स्थलांतर संघ स्थापन झाला. गावांनी, प्रांताच्या सरकारने आणि खासगी देणगीदारांनी पैसे घातले. नियम ठरले: संघाने अमेरिकेत जमीन विकत घ्यायची, प्रत्येक वसाहतकऱ्याला वीस एकर द्यायचे, जमिनीचे पैसे त्याने पुढे सवडीने फेडायचे, आजारी आणि निराधारांची काळजी वसाहतीने सामाईक घ्यायची, शाळा चालवायची. आधी दोन जाणत्या माणसांनी पुढे जाऊन जागा पाहायची आणि मगच बाकीच्यांनी निघायचे. त्या काळात युरोपच्या बंदरांवर भोळ्या स्थलांतरितांना लुबाडणाऱ्या दलालांचा सुळसुळाट होता, ते लक्षात घेता ही काळजी साधी नाही. एखाद्या मुलखाने आपल्या गरिबांना इतक्या पद्धतशीरपणे हद्दपार केल्याचे उदाहरण विरळा, आणि हद्दपार करताना त्यांची इतकी चिंता वाहिल्याचेही. या दोन गोष्टी वेगळ्या करण्याचा मी बराच प्रयत्न केला. पण त्या एकाच ठरावात आहेत.

न्यायाधीश निकोलस ड्यूर्स्ट आणि लोहार फ्रिडोलिन श्ट्राइफ हे दोघे वाटाडे म्हणून १८४५ च्या मार्चमध्ये निघाले. न्यायाधीशाने व्यवहार आणि कागद पाहावेत, लोहाराने जमीन आणि पाणी पाहावे, अशी ही जोडी मला फार समंजस वाटते. पेनसिल्व्हेनियात आधीपासून राहणारा जोशुआ फ्राय हा त्यांचा मार्गदर्शक झाला. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिसूरी, आयोवा असे हिंडत ते विस्कॉन्सिनला आले, जे तेव्हा राज्यही नव्हते.

पण मागे राहिलेल्यांना धीर धरवेना. वाटाड्यांचे पत्र येण्याची वाट न पाहता १६ एप्रिल १८४५ रोजी लिंथ कालव्याच्या काठावर लोक गोळा झाले. ठरलेली संख्या याहून पुष्कळ कमी होती. प्रत्यक्षात निघाले १९३ जण. उघड्या पडावांतून, थंडीत कुडकुडत ते आधी झुरिकला पोचले, पुढे ऱ्हाइन नदीने हॉलंडला गेले. १३ मे रोजी ‘सुपर्ब’ नावाच्या जहाजाने किनारा सोडला आणि ३० जूनला ते बाल्टिमोरला लागले. या सगळ्या प्रवासाची रोजनिशी मथियास ड्यूर्स्ट या कल्हईगार-पत्रेकामगाराने लिहून ठेवली, म्हणून आज आपल्याला तारखांनिशी ती वाट माहीत आहे. नाहीतर अशा माणसांच्या प्रवासाचे उरते काय? जहाजाच्या यादीतले चुकीच्या वर्णांचे नाव.

बाल्टिमोरहून रेल्वे आणि कालवे. पेनसिल्व्हेनियाचा डोंगर ओलांडताना वाहतुकीची एक अजब सोय तेव्हा होती: वाफेच्या यंत्रांनी दोर ओढून गाड्या उतारांच्या रुळांवरून वर चढवायच्या आणि पलीकडे सोडायच्या. पिट्सबर्गहून ओहायो नदीने आगबोट. २३ जुलैला ते सेंट लुइसला पोचले, तर वाटाड्यांचा मागमूस नव्हता. ते मेले असावेत अशीही कुजबुज सुरू झाली. पैसे संपत आलेले, उन्हाळा ऐन भरात, आजारपणे सुरू, आणि ज्या संघाच्या भरवशावर निघालो त्याचे दोन्ही प्रतिनिधी बेपत्ता. शेवटी मथियास ड्यूर्स्ट आणि पाउलुस ग्रोब या दोघांना मिसिसिपी नदीच्या वरच्या अंगाला शोधासाठी धाडण्यात आले. वाटाडे जिवंत होते. आदल्याच काही दिवसांत त्यांनी जमीन निवडून खरेदी केली होती. १५ ऑगस्ट १८४५ रोजी १०८ जण त्या जागी पोचले. बाकीच्यांपैकी काही वाटेत दगावले, तर पुष्कळ जण ज्या शहरात काम मिळाले तिथेच थांबले.

जमीन होती १,२८० एकर: १,२०० एकर शेतीची आणि ८० एकर दाट झाडीची. सरकारी दर एकरी सव्वा डॉलर, म्हणजे सगळी मिळून १,६०० डॉलर. अमेरिकेच्या या भागावर हिमयुगातल्या हिमनद्या कधी फिरल्याच नाहीत, त्यामुळे भोवतालचा सपाट प्रदेश सोडून इथेच अचानक उभ्या टेकड्या, खोल घळी आणि झऱ्यांचे पाणी लागते. सपाट, काळीभोर जमीन त्याच दराने थोडी पुढे मिळत असताना वाटाड्यांनी डोंगर निवडले. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा वेडेपणा होता, असे मला पूर्वी वाटे. पण त्यांना लाकूड हवे होते, वाहते पाणी हवे होते, आणि ज्यांनी आयुष्यात कधी क्षितिज सपाट पाहिले नव्हते अशा लोकांना राहायला आणायचे होते.

ही जमीन सरकारला विकता आली कारण ती होचंक या इथल्या मूळनिवासी लोकांकडून घेतली गेली होती. १८२९ आणि १८३२ च्या तहांनी दक्षिण विस्कॉन्सिन गेले आणि १८३७ च्या तहाने उरलेसुरलेही गेले. त्या शेवटच्या तहावर सह्या करणाऱ्या मंडळाला जमीन देण्याचा अधिकारच नव्हता; त्यांना सांगण्यात आले होते की मुलूख सोडायला आठ वर्षे मिळतील, आणि कागदावर लिहिले होते आठ महिने. नंतर होचंकांना आयोवा, मिनेसोटा, डकोटा, नेब्रास्का असे पुन्हापुन्हा हलवण्यात आले आणि त्यांतले पुष्कळ जण पुन्हापुन्हा पायी परत आले; आज होचंक राष्ट्राचे मुख्य ठाणे विस्कॉन्सिनमध्येच आहे. ग्लारुसच्या माणसांना याची कितपत कल्पना होती कोण जाणे. त्यांच्या मागे एक कागद होता आणि तो त्यांच्या बाजूने लिहिलेला होता. होचंकांच्या पुढे ठेवलेला कागद त्यांना वाचताही येत नव्हता. गावाच्या उत्सवी इतिहासात हा भाग एखाद्या ओळीत उरकला जातो, ते मला खटकते.

आता त्या वीस एकरांकडे येतो, कारण या गावाची सगळी गंमत आणि सगळी चूक त्या आकड्यात आहे. १,२०० एकरांचे वीस-वीस एकरांचे साठ तुकडे पाडण्यात आले आणि चिठ्ठ्या टाकून ते वाटले गेले. पाणी, चढ, माती यांत कोणावर अन्याय होऊ नये म्हणून केवढी काळजी! ग्लारुसच्या घळीत वीस एकरांचा धनी म्हणजे श्रीमंत असामी. विस्कॉन्सिनमध्ये मात्र वीस एकरांत पोट भरत नाही. अमेरिकेची मोजणीच मुळी वेगळ्या मापाची होती. १६० एकरांचा चौकोन हे इथल्या शेताचे नेहमीचे परिमाण आणि सरकार चाळीस एकरांहून लहान तुकडा विकतच नसे. आल्प्सच्या सभेत बसून आखलेला समतेचा नकाशा या जमिनीवर तोकडा पडला. शिवाय त्या १०८ जणांत सूत, माग आणि कारखाना जाणणारे पुष्कळ होते, नांगर धरणारे मोजकेच. पहिल्या हंगामात त्यांनी कुदळी-फावड्यांनी जमीन खणली. शेजारचे अमेरिकन शेतकरी हे दृश्य पाहायला थांबत असतील तर नवल नाही.

न्यायाधीश ड्यूर्स्ट त्याच शरद ऋतूत स्वित्झर्लंडला परत गेले. त्यांचे काम झाले होते. लोहार श्ट्राइफ राहिला आणि वसाहतीचा आधारस्तंभ झाला. पहिला हिवाळा घाईने उभारलेल्या झोपड्यांत आणि ओंडक्यांच्या घरांत, एकेका छपराखाली अनेक कुटुंबे राहून काढला गेला. पुरुष मिनरल पॉइंटकडच्या शिशाच्या खाणींत मजुरीला चालत जात. तिथे इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून आलेले खाणकामगार आधीच काम करत होते. म्हणजे एका देशोधडीला लागलेल्या धंद्यातली माणसे दुसऱ्याच्या हाताखाली नवा धंदा शिकत होती. नदीत मासे होते, रानात शिकार होती. तरीही त्या हिवाळ्यात उपासमार झाली नाही ती मुख्यतः संघाच्या उरल्यासुरल्या पैशांमुळे आणि सामाईक कोठारामुळे. एकटादुकटा गेलेला माणूस अशा वेळी खचून शहराकडे परतला असता. संघाचा नकाशा चुकला असेल, पण कोठार चुकले नाही.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात बटाट्यावरचा रोग युरोपभर पसरला आणि ग्लारुसहून नवी माणसे येत राहिली. १८४८ मध्ये विस्कॉन्सिन राज्य झाले, तेव्हा हे गाव तीन वर्षांचे होते. १८५० मध्ये विल्हेल्म श्ट्राइसगुट हा पाद्री आला आणि रविवारची प्रार्थना रीतसर सुरू झाली. १८५४ मध्ये पटकीच्या साथीने अनेक घरे उजाड केली. चर्चच्या आवारात पहिल्या वसाहतकऱ्यांचे स्मारक आहे; त्यावरची आडनावे ग्लारुसच्या कोणत्याही गावात आजही सापडतील अशी आहेत: ड्यूर्स्ट, एल्मर, होएस्ली, लेग्लर, लुखसिंगर, श्टाउफाखर, श्ट्राइफ, त्सवाइफेल, त्सविकी. ग्लारुसमध्ये योहान याकोब कुब्ली-म्युलर नावाच्या एका गृहस्थाने पुढे आयुष्यभर खपून प्रांतातल्या सगळ्या घराण्यांच्या वंशावळी लिहून काढल्या, आणि अमेरिकेतले वंशज आपले मूळ शोधायला त्याच वह्यांकडे जातात.

पुढची वीस वर्षे गव्हाची. तेव्हा सगळे विस्कॉन्सिनच गव्हाच्या मागे लागले होते आणि १८६० च्या सुमारास ते देशातल्या सर्वांत मोठ्या गहू उत्पादक राज्यांपैकी एक होते. न्यू ग्लॅरसचा शेतकरी आपला गहू बैलगाडीत घालून शंभर मैलांवरच्या मिलवॉकीला नेई आणि त्या विक्रीतून मिळालेल्या पैशांचा मोठा भाग वाटेतच खर्च होई. ज्यांना जमले त्यांनी शेजारची जमीन घेऊन वीसाचे चाळीस, चाळीसाचे ऐंशी केले, ज्यांना जमले नाही ते विकून पश्चिमेला गेले, आणि चिठ्ठ्यांनी केलेली समान वाटणी एका पिढीत विरून गेली. मग गव्हानेही दगा दिला. सतत एकच पीक घेऊन जमीन निसत्त्व झाली, ‘चिंच बग’ नावाच्या किडीने उभी शेते फस्त केली, आणि पश्चिमेच्या नव्या प्रदेशांतून रेल्वेने येणाऱ्या गव्हाने भाव पाडले.

तेव्हा कुठे त्या उभ्या टेकड्या कामाला आल्या. नांगराला नकोसा उतार गाईला चालतो. प्रत्येक घरी थोड्या गाई आधीपासून होत्याच, बायका घरापुरते चीज करत होत्याच. आता त्याचा धंदा झाला. निकोलस गेर्बर याने १८६८ मध्ये न्यू ग्लॅरसजवळ लिंबर्गर चीजचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे एका खोलीची इमारत, तांब्याची मोठी कढई आणि तळघर. रेफ्रिजरेशन नव्हते, दूध सकाळ-संध्याकाळ घोडागाडीतून यायचे, म्हणून कारखाना दोन-तीन मैलांच्या आत असणे भाग होते. त्यामुळे एक मोठा कारखाना होण्याऐवजी दर वळणावर एक लहान कारखाना झाला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रीन काउंटीत, म्हणजे न्यू ग्लॅरसच्या जिल्ह्यात, असे दोनशेच्या आसपास कारखाने चालू होते. पुष्कळ ठिकाणी शेतकरीच एकत्र येऊन इमारत बांधत, चीज बनवणारा कारागीर नेमत आणि उत्पन्नात त्याचा हिस्सा ठरवत. सहकारी साखर कारखान्यांच्या प्रदेशातून आलेल्या मला ही रचना समजून घ्यायला कोणाची मदत लागली नाही. वसाहतीच्या नियमांतली समता जमिनीतून गेली ती दुधाच्या हिशेबात परत आली, असे मी मानतो. पण त्याला एवढे महत्त्व नको, कारण चीजचे व्यापारी नंतर शेतकऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक श्रीमंत झाले.

लिंबर्गरविषयी एक शब्द लिहिल्यावाचून पुढे जाववत नाही. त्याचा वास असा की बंद डब्यातूनही तो स्वतःची ओळख करून देतो. राय या धान्याच्या ब्रेडवर, कच्चा कांदा आणि मोहरीची चटणी लावून तो खातात. मी दोन घासांत थांबलो आणि माझ्या सासऱ्यांनी मात्र पूर्ण संपवून दुसरा मागवला. शेजारच्या मन्रो गावातला एक सहकारी कारखाना बराच काळ अमेरिकेतला लिंबर्गर बनवणारा एकमेव म्हणून ओळखला जात होता. विशेष म्हणजे हे चीज मुळी स्विस नाहीच. त्याचा उगम बेल्जियमकडचा. अमेरिकेच्या शहरांतल्या जर्मन कामगारांना ते आवडे, लवकर तयार होई, विटेएवढे असल्याने पाठवायला सोपे जाई, म्हणून ग्लारुसच्या मुलांनी ते केले. अभिमान बाजूला ठेवून जे विकले जाते ते बनवायचे, ही अक्कल त्यांना कापडछपाईनेच शिकवली असावी.

१८८७ मध्ये रेल्वेचा फाटा गावात आला. १९०१ मध्ये गावाला स्वतःचा कारभार मिळाला. १९१० मध्ये हेल्वेशिया कंपनीने, जी इलिनॉयमधल्या हायलंड या दुसऱ्या स्विस गावात जन्मली होती, इथे दूध आटवून डबाबंद करण्याचा कारखाना काढला. तीच कंपनी पुढे पेट मिल्क म्हणून ओळखली गेली. या सगळ्या काळात ग्लारुसची बोली घरात, दुकानात, चीजच्या कढईपाशी चालू राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही भाषाशास्त्रज्ञ ती टिपून घ्यायला इथे येत. तीन-चार पिढ्या बोली टिकण्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही: एकाच प्रांतातून, एकाच वेळी, नात्यागोत्याची माणसे एकत्र येऊन एकाच धंद्यात राहिली. आपल्या इथल्या मराठी शाळांत रविवारी मुलांना बाराखडी गिरवायला लावणाऱ्या आम्हा पालकांपाशी यांतले काहीच नाही. आम्ही प्रत्येक जण आपापल्या कंपनीच्या कागदावर, वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या वर्षी आलो.

१९६२ मध्ये पेट मिल्कचा कारखाना बंद झाला आणि गावापुढे पुन्हा पोटाचा प्रश्न उभा राहिला. त्याआधीच, १९३७ मध्ये, एडविन बार्लो या रहिवाशाने बर्नच्या डोंगरी घरांच्या धर्तीवर एक शॅले बांधले होते आणि १९३८ पासून त्याच्या पुढाकाराने दर वर्षी टेकडीच्या पायथ्याशी, खऱ्या गाई आणि बकऱ्या आणून, स्विस दंतकथेतल्या तिरंदाजावरचे, जर्मन नाटककार शिलरचे विल्हेल्म टेल हे नाटक होऊ लागले होते. आता गावाने तो धागा हाती धरला. दुकानांना सज्जे लागले, दर्शनी भागांवर नक्षी आली, १९६५ मध्ये हायडी या स्विस बालकथेतल्या मुलीच्या नावाचा उत्सव सुरू झाला, बाजारपेठेतल्या इमारती स्विस दिसाव्यात यासाठी गावाने नियम केले. रेल्वेचा फाटा १९७२ मध्ये बंद पडला तर त्याच मार्गावर सायकलींची वाट झाली. पाहुणे येऊ लागले. मूळ वसाहतकरी ओंडक्यांच्या घरांत राहत होते. शॅले बर्नचे, टेलची गोष्ट उरी प्रांताची, चीज बेल्जियमचे. ग्लारुसचे खरोखर या गावात काय असेल, तर सभा भरवून, ठराव करून, आपण सगळ्यांनी मिळून कशावर जगायचे हे ठरवण्याची सवय. १९६२ नंतरचे सज्जेही त्याच सवयीतून आलेले आहेत, म्हणून मी त्यांना आता पूर्वीसारखा हसत नाही.

आज गावाची लोकसंख्या सव्वादोन हजारांच्या आसपास आहे. पुष्कळ जण नोकरीला मॅडिसनला जातात. भोवतालच्या टेकड्यांवर गाई अजून आहेत, पण गोठे मोठे झाले, संख्येने कमी झाले, आणि विस्कॉन्सिनच्या गोठ्यांतले पहाटेचे दूध काढण्याचे, शेण ओढण्याचे, वासरे सांभाळण्याचे काम आता मोठ्या प्रमाणावर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली माणसे करतात. त्यांतही पुष्कळ जण एकमेकांच्या ओळखीने, एकाच गावाकडचे, एकामागून एक आलेले असतात. त्यांच्यासाठी कोणत्या गावाने वर्गणी काढली नव्हती, कोणी न्यायाधीश आणि लोहार पुढे पाठवले नव्हते. शेतमालकांना ते हवे आहेत; कायद्याला त्यांतले बरेच जण मान्य नाहीत, आणि कागदपत्रांशिवाय आलेल्या माणसाला २००७ पासून विस्कॉन्सिन राज्य गाडी चालवण्याचा परवानाही देत नाही. गोठ्यापासून किराणा दुकान दहा-बारा मैलांवर असते आणि इथे बस नाही.